जाऊ दिलेल्या पेशी

बाळाला काचेत ठेवून पाच दिवस झाले होते, आणि तिच्या आईनं तिला अजून पाहिलं नव्हतं.

सत्ताविसाव्या आठवड्यातच आली ती. माझ्या सुनेचा, श्रुतिकाचा, रक्तदाब एकाएकी चढला, बाळाला घाईनं बाहेर काढावं लागलं, आणि त्या धावपळीत काही मिनिटं बाळाच्या मेंदूला प्राणवायू पुरला नाही. नंतर श्रुतिकाच्या किडन्या थकल्या. तिला कोल्हापूरला हलवलं. माझा मुलगा भरतेश तिच्यासोबत गेला. बाळ मिरजेच्या नवजात केंद्रात राहिलं, आणि बाळाजवळ मी.

मी त्रिशला चौगुले, जयसिंगपूरची. पहाटे बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन देवदर्शन करायचं, दिवसाचा एखादा नियम घ्यायचा, मग साडेसहाची बस धरायची, असं माझं त्या दिवसांत चाललं होतं. नियम रोज वेगळा असतो. आज हिरवी भाजी नाही, आज दोनदाच पाणी. एक मात्र लग्नाआधीपासून रोजचा आहे: आज माझ्या हातून जाणूनबुजून एकही जीव जाणार नाही.

केंद्रात शिरताना कोपरापर्यंत हात धुवायचे. बाळाच्या काचेच्या पेटीला हात जाण्यापुरती गोल भोकं असतात. त्यातल्या एकाशी तोंड नेऊन मी बाळाला णमोकार मंत्र ऐकवायची. बाळाच्या डोक्यावर जाळीची मऊ टोपी होती. दोन हजार एकेचाळीस साली या टोप्या नुकत्याच आल्या होत्या. आतली एकेक मज्जापेशी टिपून ती शेजारच्या पडद्यावर ठिपक्यासारखी दाखवायची. मूठभर डोकं, आणि पडद्यावर बघावं तर ठिपक्यांना अंत नाही.

हात धुणं आणि मंत्र यांच्या जोडीला रोजची तिसरी गोष्ट अंगठ्याची. बाळाला 'धारक' नावाचं नवं औषध चालू होतं. औषध अजून चाचणीत असल्यानं रोज सकाळी सात वाजता घरच्या कुणीतरी काचेच्या पट्टीवर अंगठा ठेवून सांगावं लागायचं: चालू, की कमी. भरतेशनं तो अधिकार माझ्या नावावर केला होता.

"आजी, अंगठा झिजवाल हां अशानं," कांबळे सिस्टर म्हणायच्या. "मग आधारकार्डाला काय लावणार?"

"दुसरा आहे की."

पाचव्या दिवशी डॉ. शिरीन मुजावर माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. रस्त्यावरून गणपती चालले होते. काचेतूनही ताशाचा आवाज येत होता.

"आजी, उद्यापासून औषध कमी करत आणू या का?"

"का? गुण येतोय की."

"आलाय, म्हणूनच." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "मेंदू तयार होताना लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी बनतात. काही भागांत तर जवळजवळ दुप्पट. मग प्रत्येक पेशी धागे सोडून शोधत राहते, आपलं कुणाशी जुळतंय का. हाक मारली आणि उत्तर आलं, तर ती टिकते. वापरात राहते ती राहते. जिला उत्तरच येत नाही, ती स्वतःहून संपते. तिच्या आतच तशी सोय असते. म्यानात ठेवलेल्या कात्र्या समजा. वेळ आली की म्यान उघडतं आणि पेशी स्वतःला आवरून घेते. हे सगळ्यांच्या मेंदूत झालंय. तुमच्या, माझ्या."

"मग हे औषध?"

"हिला प्राणवायू कमी पडला ना, त्या धक्क्यानं चांगल्या पेशींच्याही कात्र्या उघडायला लागल्या. धारकनं त्या बांधून ठेवल्या. तो धोका टळला. पण आता बांधून ठेवलं तर ज्यांनी जायचं त्याही जात नाहीत. पाच ते पंधरा दिवस अशी मुदत दिलीय. मला वाटतं लवकर सोडावं."

"म्हणजे कमी केलं की ठिपके जाणार."

"जाणार."

"किती?"

"दिवसाला काही लाख."

दुसऱ्या दिवशी पंचमी, म्हणजे आमच्या दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस. वर्षातले हे दहा दिवस आम्ही मुंगीच्या वाटेतूनही बाजूला होतो. पाणी दोनदा गाळतो. घरात चिरणं-कापणंसुद्धा नको वाटतं. आणि या दहा दिवसांत मी अंगठा ठेवून लाखो जीव जाऊ द्यायचे, तेही नातीच्या डोक्यातले?

"डॉक्टर, पंधरा दिवस मुदत आहे म्हणालात ना? पर्व संपू दे. दहाच दिवस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फाइलकडे. "मुदतीत बसतं," त्या हळूच म्हणाल्या. "हक्क तुमचा आहे."

संध्याकाळी भरतेशचा फोन आला. "आई, डॉक्टर काय म्हणाल्या?"

"औषध चालू आहे म्हणाल्या," मी सांगितलं. त्याला आधीच श्रुतिकाची काळजी, त्यात आणखी कशाला भर, असं मी स्वतःला समजावलं. सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. खरंही नव्हतं.

पर्वाच्या चौथ्या दिवशी एक मिरवणूक केंद्रावरून गेली. ढोलाचा पहिला ठोका पडला आणि बाळाचे दोन्ही हात हवेत उडाले. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा झाला. हात थरथरायला लागले ते थांबेनात. कांबळे सिस्टर धावल्या. झटका पाऊण मिनिट टिकला असेल. मला तो अख्ख्या पर्वाएवढा वाटला.

त्यानंतर कशानंही व्हायला लागलं. ट्रे ठेवल्याच्या आवाजानं. लंगोट बदलताना बोट लागलं तरी. झोप तर नाहीच. डोळे मिटायची, पण पडदा चमकतच राहायचा.

"मांडवात सगळी माणसं एकदम बोलायला लागली तर कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, तसं झालंय," डॉक्टर म्हणाल्या. "पायाला बोट लागलं तर पायापुरत्या पेशींनी बोलायचं. इथं सगळ्याच उठतायत. जगात आतापर्यंत दोनशे बाळांना हे औषध दिलंय. इतक्या लवकर असं होईल, हे मलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी मी तुम्हाला जास्त जोर देऊन सांगायला हवं होतं."

"अजून सहाच दिवस," मी म्हणाले. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"प्रत्येक दिवस तिच्या वेळेतून जातोय, आजी. मी एवढंच सांगू शकते."

पुढच्या तीन सकाळी अंगठा ठेवताना मी डोळे मिटून घेत होते.

सातव्या दिवशी श्रुतिका आली. भरतेशनं तिला चाकाच्या खुर्चीतून आणलं. चेहरा सुजलेला, हातावर सुयांचे निळे डाग. ती कुरुंदवाडच्या शाळेत गणित शिकवते. चाळीस पोरं एका नजरेत गप्प करणारी मुलगी. पण हात धुताना तिला साबणाची बाटली दाबता येईना. मी दाबून दिली.

तिनं भोकातून हात आत घातला आणि बाळाच्या तळव्यावर एक बोट ठेवलं. "बाळा, मी आई."

पडदा पांढरा झाला. झटका आला.

सिस्टर औषध भरत होत्या, श्रुतिकाचा हात तसाच हवेत राहिला होता. मी सवयीनं पेटीशी वाकले आणि मंत्र म्हणायला लागले. बाळ हळूहळू निवलं. पडद्यावरच्या पांढऱ्या गोंधळात एक बारीक लाट उठली. मंत्राच्या लयीत पुढे-मागे होणारी.

"तिला तुम्हीच माहीत आहात, आत्ती," श्रुतिका म्हणाली. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

कांबळे सिस्टर सिरिंज टाकत म्हणाल्या, "उद्या तरी अंगठा 'कमी'वर लावा आजी. आठवडा झाला, मॅडम सांगतायत."

श्रुतिकानं मान वळवली. "काय सांगतायत?"

मग सिस्टरनीच सांगितलं, चाचरत.

"आठवडा?" तिनं भरतेशकडे पाहिलं. त्याचा चेहराच सांगत होता की त्याला काही माहीत नाही. "आत्ती, तुम्ही यांना सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"का?"

"पर्व होतं गं."

"तुमचं पर्व होतं. तिचं काय होतं?"

भरतेश म्हणाला, "श्रुती, हळू. बाळ—"

"मी हळूच बोलतेय."

खरंच ती हळू बोलत होती. तिनं डॉक्टरांना बोलावलं, अधिकार आपल्या नावावर करायला सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, करता येईल, पण समितीची सही होऊन कागद फिरायला परवा उजाडेल. उद्या सकाळचा अंगठा आजींचाच.

श्रुतिकानं माझ्याकडे पाहिलं. काही मागितलं नाही. डोळे मिटून खुर्चीत मागे टेकली.

दुपारी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. "मला एक पेशी जाताना दाखवा," मी म्हणाले. "एकच."

"तुमच्या बाळात नाही दिसणार. तिच्या बांधलेल्या आहेत. दुसऱ्या एका बाळाची नोंद आहे, त्याचं औषध वेळेवर सोडलं होतं."

त्यांनी ठिपका मोठा केला, आणखी मोठा केला. एक पेशी दिसली, कोवळ्या वेलीसारखी, चार दिशांना धागे सोडलेली. धाग्यांची टोकं चाचपडत होती. नोंद पळवत नेलेली असल्यानं दोन दिवस मिनिटाभरात गेले. उत्तर कुठूनच आलं नाही. मग तिनं एक धागा मागे घेतला. दुसरा घेतला. अंग आक्रसून गोल झालं, आतलं सगळं छोट्या छोट्या पुड्यांत बांधल्यासारखं झालं. शेजारून एक राखणदार पेशी आली, त्या पुड्या तिनं उचलल्या, आणि जागा मोकळी झाली. कुठं काही फुटलं नाही, सांडलं नाही. आजूबाजूच्या पेशींचे धागे त्या जागेतून पुढं सरकले.

"तिला दुखतं का?"

"दुखणं समजायला अख्खा मेंदू लागतो, आजी. एकट्या पेशीला नाही समजत."

"मारतं कोण तिला?"

"कुणीच नाही. ती आवरून घेते."

"आणि आमच्या बाळाच्या?"

त्यांनी दुसरी खिडकी उघडली. तशीच एक पेशी. धागे मागे घेतलेले, अंग अर्धं आक्रसलेलं. आणि तिथंच थांबलेली. मधूनच थरथरायची आणि थरथर शेजारणींना लागायची.

"किती दिवस अशी?"

"सहा."

मला माझ्या सासूबाई दिसल्या. घरात थोरल्या आत्ती म्हणायचो. ब्याऐंशीव्या वर्षी, शरीर साथ देईना तेव्हा, मुनिमहाराजांकडून त्यांनी सल्लेखना, अन्नपाणी सोडत देह ठेवायचं व्रत, घेतली होती. सगळ्यांची क्षमा मागितली. एकेक पदार्थ सोडला, मग दूध, मग ताक. मी त्यांच्या उशाशी बसून होते. सतराव्या दिवशी माझ्या नणंदेला राहवलं नाही. आम्ही झोपलोय असं समजून तिनं दुधाचा चमचा आईच्या ओठांत घातला. थोरल्या आत्तींना मान फिरवायचंही बळ नव्हतं. दूध गालावरून उशीवर गेलं. त्यांनी डोळे उघडून लेकीकडे पाहिलं, ती नजर मी कधी विसरले नाही. त्या नजरेत राग नव्हता. आवरून दारापर्यंत गेलेल्या माणसाचा पदर कुणी धरावा, तसं काहीतरी होतं.

तेव्हा मी नणंदेला बाहेर नेऊन समजावलं होतं. मोठ्या शहाणपणानं समजावलं होतं.

पेशीला नियम कळत नाही, क्षमा मागता येत नाही, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांना मी यातलं काही बोलले नाही. पण सात दिवस रोज सकाळी सात वाजता चमचा माझ्या हातात होता, एवढं मला कळलं.

पर्वाचा आठवा दिवस, दहा धर्मांतल्या उत्तम त्यागाचा. बस्तीत पूजा चालू होती. मी दर्शन घेतलं, रोजचा नियम म्हणायला ओठ उघडले आणि शब्दच फुटेनात. तशीच बस धरली. सात वाजता अंगठा 'कमी'वर ठेवला. श्रुतिका शेजारी खुर्चीत होती. तिनं फक्त पाहिलं.

दुपारनंतर ठिपके जायला लागले. आधी एखाददुसरा, मग पसा भरून दाणे सांडावेत तसे. मी पहिल्यांदा बाहेर पळाले. जिन्यावर बसून रडले, मग आत आले आणि बसून बघत राहिले. जाणाऱ्यांना कुणीतरी पाहायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी झटके कमी झाले. पाचव्या दिवशी बाळ सलग दोन तास झोपलं. भरतेश पडद्याचा फोटो काढून कुणाकुणाला पाठवत होता: काळा, शांत पडदा. पण श्रुतिका बोलली की बाळ अजूनही दचकायचंच. मी बोलले की निवायचं.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना बोलावलं.

"आवाज ओळखणाऱ्या भागातल्या पेशींची निवड या दोन-तीन आठवड्यांत होईल. जो आवाज पुन्हा पुन्हा येईल त्याच्या पेशी टिकतील. आत्ता तिथं आजींचा आवाज बसतोय. बारा-तेरा दिवस तोच ऐकलाय तिनं."

"दोन्ही आवाज नाही बसणार?" मी विचारलं.

"धडधाकट बाळात दहा बसतात. हिला वेळ कमी उरलाय आणि गोंगाटाची सवय झालीय. दोन आवाज एकदम दिले तर कदाचित एकही नीट बसणार नाही. कुठला द्यायचा, ते तुम्ही घरच्यांनी ठरवा. आजी रोज येतात, आजींचा चालला तरी वैद्यकीय अडचण काही नाही."

श्रुतिका जमिनीकडे बघत म्हणाली, "तिला ज्यानं बरं वाटतं ते करा."

हे बोलायला तिला किती जड गेलं असेल, ते मला दिसत होतं. आणि खरं सांगते, एक क्षण मला मोह झाला. आयुष्यात एवढं कुणी मला ओळखून निवलं नव्हतं.

मी सिस्टरच्या टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं: केंद्राच्या दारातून आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत मौन. डॉक्टर सांगतील तोवर. कागद श्रुतिकापुढे सरकवला. तिनं वाचला. दोनदा वाचला बहुतेक.

"आत्ती, तुमचा मंत्र?"

मी छातीवर हात ठेवला. मनात म्हणेन.

मग मी रोज यायची, दुधाच्या बाटल्या उकळायची, दुपटी घडी करायची, श्रुतिकाच्या पायाखाली उशी द्यायची. ओठ मिटलेले. बाळ रडलं की जीभ टाळूपर्यंत यायची. पदराचं टोक दातात धरून मी भिंतीकडे तोंड करायची. पहिल्या आठवड्यात दोनदा तर बाळ रडून निळं पडलं, आणि मला माहीत होतं, माझी एक ओळ पुरे होती.

श्रुतिकाला बाळाशी काय बोलावं ते सुचेचना. अंगाई तिला येत नव्हती. शेवटी वैतागून तिनं पाढे म्हणायला सुरुवात केली. बेचा, तीनचा, चारचा, थेट तिसापर्यंत.

"मॅडम, हिला पहिलीत घालायची का आता?" कांबळे सिस्टर म्हणाल्या.

"सतराचा चुकला नाही म्हणजे झालं," श्रुतिका म्हणाली. त्या महिन्यात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. नंतर नंतर ती बाळाला सगळंच सांगायची. शाळेतल्या कोण पोरानं बाकावर काय कोरलं, बाबा डब्यात मीठ कसे विसरले. एकदा तर म्हणाली, "तुझ्या आजीवर मला अजून राग आहे बरं का." मी तिथंच दुपटी घडी करत होते. माझ्यासमोर बोलली, याचंच मला बरं वाटलं.

पर्व संपल्यावर आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. त्या वेळी मी तिला चिठ्ठी लिहून दिली होती. तिनं ती वाचून पर्समध्ये ठेवली. "आत्ता नाही, आत्ती," एवढंच म्हणाली.

मौनाच्या विसाव्या दिवशी डॉक्टर पडद्यापाशी उभ्या होत्या. श्रुतिका सातचा पाढा म्हणत होती. पडद्याच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा एक भाग उजळला, तेवढाच. बाकी सगळं शांत. बाळानं डोळे उघडले आणि आवाजाच्या दिशेला मान वळवली. श्रुतिका थांबली तसा उजेड मावळला. ती पुढं म्हणायला लागली तसा परत आला.

"बसला," डॉक्टर म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी पुसला. "झटक्यांवर वर्ष-दोन वर्षं लक्ष ठेवावं लागेल. उशिराचं थोडंफार राहीलही. पण आईला ओळखलं तिनं. आजी, आता बोला तुम्ही. चालेल."

त्या खोलीत मी वीस दिवसांनी तोंड उघडत होते. मी लांबूनच म्हणाले, "बाळा..."

पडद्यावर काहीच हललं नाही. बाळ आईकडेच बघत होतं. माझ्या पेशी गेल्या होत्या. सगळ्या, एकेक करून, माझ्या समोर. असंच व्हावं म्हणून मी ओठ शिवून बसले होते. मी दुपटं उचललं, घडी केलेलंच होतं ते, पुन्हा उलगडलं.

"आत्ती."

श्रुतिकानं आपलं स्टूल बाजूला सरकवून पेटीजवळ जागा केली होती.

"तिथून काय बोलताय? इकडं या, जवळ. तिला माहीत नाही तुम्ही कोण ते."

"काय सांगू?"

"कोण आहात ते सांगा की."

मी वाकले. भोकाशी तोंड नेलं. "बाळा, मी तुझी आजी."

बाळ दचकलं. दोन्ही मुठी वर गेल्या.

मी मागे सरले, तर श्रुतिकानं माझा दंड धरून ठेवला. "असू दे, नवीन आहे तिला," ती म्हणाली. "परत सांगा. हळू."

मी परत सांगितलं.